एका दोरीने उघडमीट होणारा फलक: चित्ररथासाठी ओरिगामीची घडी

गोव्यातल्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत फोंडा, पणजी, म्हापसा, डिचोली, मडगाव, वास्को इथे रात्री जे चित्ररथ येतात, त्यांतले बरेचसे गावातल्या तरुण मुलांनी वेल्डिंग मशीन, सनपॅक शीट (आत नळ्या असलेली प्लास्टिकची शीट) आणि भंगारातल्या मोटरी वापरून उभे केलेले असतात. गरुडाचे पंख हलतात, नागाचा फणा उठतो, कमळ उमलते. यामागचे यांत्रिकी कौशल्य खरोखर मोठे आहे, आणि त्याला भूमितीची जोड मिळाली तर ते आणखी पुढे जाईल असे मला मनापासून वाटते. हा लेख त्यासाठीच आहे. रस्त्यात मिटून अरुंद राहील आणि प्रसंग आला की एका मोटरीवर उघडेल असा पार्श्वभूमीचा फलक ओरिगामीच्या घडीने कसा बनवायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. उघडल्यावर सुमारे दीड मीटर रुंद होणारा हा फलक सनपॅकच्या एका शीटमध्ये होतो. असे तीन शेजारी लावले की ट्रकच्या हौद्याची बाजू बऱ्यापैकी भरते.

घडी कोणती घ्यायची?

सुंदर दिसते म्हणून घडी निवडू नये. पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की एक टोक हलवले तर बाकीचे आपोआप हलेल का? तसे होत असेल तर एक मोटर पुरते. होत नसेल तर प्रत्येक सांध्याला वेगळा आधार आणि वेगळे कुलूप लागते.

या कसोटीवर मिउरा घडी सर्वात वर ठरते. जपानचे अंतराळ अभियंते कोर्यो मिउरा यांनी ती १९७०च्या सुमारास मांडली आणि १९९५मध्ये जपानच्या स्पेस फ्लायर युनिट या उपग्रहावर सौरपत्रा उलगडण्याच्या प्रयोगात ती अवकाशात गेली. सगळे तुकडे एकसारखे समांतरभुज चौकोन असतात. आदर्श स्थितीत तुकडे जराही न वाकता पूर्ण फलक एकाच गतीने उघडतो आणि मिटतो. रुंदी वाढते तशी उंचीही वाढते, ही तिची खोड आधीच ध्यानात ठेवा. बसवताना बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

बाकीच्या घड्यांचे थोडक्यात सांगतो. कमान किंवा गोलाकार छत हवे असेल तर योशिमुरा घडी चांगली. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०१७मध्ये याच घडीवर पोलिसांसाठी गोळी अडवणारी घडीची ढाल बनवली गेली. पण ही घडी अनेक दिशांनी सैल असते, तिला जागोजागी अडकवावे लागते. समईसारखा खांब फिरत फिरत वर यावा असे वाटत असेल तर क्रेस्लिंग घडी घ्या, फक्त तिचे तुकडे हलताना वाकतात, म्हणून ती कापड किंवा पातळ शीटमध्येच जमते. प्लायवूडमध्ये ती हलणार नाही. मध्याभोवती गुंडाळलेले कमळ उमलवायचे असेल तर फ्लॅशर नावाची घडी आहे. दूरच्या ताऱ्यांचा उजेड अडवणाऱ्या अवकाशातल्या प्रचंड छत्रीसाठी नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेने तिच्यावर काम केले आहे. ती कठीण आहे. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये.

आधी कागद

जाड कार्डशीट घ्या. पाच सेंटीमीटरची कड आणि ६०° चा कोपरा असलेला समांतरभुज चौकोन कापून फर्मा बनवा. कार्डवर समांतर सरळ रेषा आखा. दोन रेषांमधल्या पट्टीत फर्मा ठेवून तिरप्या रेषा मारा, पुढच्या पट्टीत फर्मा उलटा करून मारा. पट्टीमागून पट्टी केली की एका दिशेला सरळ रेषा आणि दुसऱ्या दिशेला नागमोडी रेषा तयार होतात. सहा पट्ट्या आणि प्रत्येकीत चार चौकोन एवढे पुरे.

आता कुठली घडी वर येणारी, म्हणजे डोंगर, आणि कुठली खाली जाणारी, म्हणजे दरी, हे ठरवायचे. पहिली नागमोडी रेषा पूर्ण डोंगर, दुसरी पूर्ण दरी, तिसरी पुन्हा डोंगर. सरळ रेषेवर मात्र तुकड्यातुकड्याने आलटून पालटून डोंगर आणि दरी येतात. सुरुवात कुठून करायची ते ओळखायची खूण अशी: प्रत्येक सांध्यावर चार घड्या भेटतात, त्यांतल्या तीन एका जातीच्या असतात आणि एक उलटी. ही उलटी घडी नेहमी दोन लघुकोनांच्या मध्ये असते. एका सांध्यावर हे नीट लावले की बाकीची जाळी आपोआप ठरत जाते.

इथे दोन नियम कामाला येतात. जुन माएकावा यांचा नियम सांगतो, की सपाट मिटणाऱ्या सांध्यावर डोंगर आणि दऱ्यांच्या संख्येत दोनचा फरक असतो. तोशिकाझु कावासाकी यांचा नियम सांगतो, की सांध्याभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन बेरीज केली तर १८०° यायला हवी. आपल्या सांध्यावर ६०, ६०, १२०, १२० असे कोन आहेत. एकाआड एक घेतले की ६० अधिक १२०, बरोबर १८०. नक्षीत स्वतःचे बदल करायचे असतील, एखादी रेषा मोराच्या मानेसारखी वळवायची असेल, तर प्रत्येक सांध्यावर ही बेरीज करून पाहा. चुकली तर ती घडी सपाट मिटणार नाही.

शाई संपलेल्या बॉलपेनने सगळ्या रेषा दाबून घ्या आणि मोडा. संगणक असेल तर अमांडा घसाई यांचा ओरिगामी सिम्युलेटर ब्राउझरमध्ये मोफत चालतो. डोंगर लाल, दरी निळी आणि बाहेरची कड काळी अशी रेषाचित्राची फाइल दिली की तो घडी हलवून दाखवतो आणि ताण कुठे येतो तेही रंगाने दाखवतो.

कागद हलला म्हणून लगेच शीट कापायला बसू नका. कागद थोडा वाकून चुका पोटात घालतो. म्हणून दुसरा नमुना करायचा: पुठ्ठ्याचे किंवा जुन्या वहीच्या कव्हरचे कडक तुकडे कापून कापडी टेपने जोडायचे. हा नमुना हातात घेऊन एक कोपरा दाबला की दुसरा कोपरा हलतो, आणि मिउरा घडी म्हणजे काय ते तिथे कळते. मला विचाराल तर या नमुन्याला लागणारा वेळ हाच या कामातला सर्वात सत्कारणी लागलेला वेळ असतो.

मापांचे गणित

तुकड्याच्या दोन्ही कडा ३० सेंमी आणि कोपरा ६०° धरू. सहा पट्ट्या, प्रत्येकीत चार, म्हणजे २४ तुकडे. बसवताना पट्ट्या उभ्या ठेवायच्या, म्हणजे सरळ रेषा वरून खाली जातात आणि नागमोडी रेषा आडव्या. फलक पूर्ण सपाट असताना रुंदी ६ × ३० × साइन ६०°, म्हणजे सुमारे १५६ सेंमी. उंची ४ × ३० आणि वर नागमोडीचे १५, एकूण १३५ सेंमी.

पण तो पूर्ण सपाट कधीच करायचा नाही. सपाट झालेल्या मिउराला पुढे कुठल्या बाजूने मोडायचे ते ठाऊक नसते. त्या क्षणी एखादा सांधा उलट्या दिशेने उडी मारतो आणि सगळा फलक अडकतो. शिवाय सपाट फलकाला खोली नसते, वाऱ्याने तो लपकतो. म्हणून तुकड्यांचा पायाशी, म्हणजे फलकाच्या सपाट पातळीशी, असलेला कल ३०° च्या खाली जाऊ द्यायचा नाही.

हिशेबाची सूत्रे सोपी आहेत. खोली = कड × साइन कल × साइन कोपरा. एका तुकड्याची उंचीच्या दिशेतली लांबी काढायला साइन कल आणि साइन कोपरा यांच्या गुणाकाराचा वर्ग एकातून वजा करा, वर्गमूळ घ्या, कडेने गुणा. एका पट्टीच्या रुंदीसाठी आधी कोसाइन कल × टॅन कोपरा हा आकडा काढा, त्याच्या वर्गात एक मिळवून वर्गमूळ घ्या, त्याने पहिल्या आकड्याला भागा आणि कडेने गुणा. नागमोडीचा झोक, जो एकूण उंचीत वर मिळवायचा, तो म्हणजे कड भागिले तेच वर्गमूळ.

३०° कलाला फलक सुमारे १५० सेंमी रुंद, १२५ सेंमी उंच आणि १३ सेंमी खोल होतो. ८०° कलाला तो ५२ सेंमी रुंद, ९१ सेंमी उंच आणि सुमारे २६ सेंमी खोल होतो. म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्र जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. त्यापुढे मिटवू नका, कारण पुढे तुकड्यांची जाडी एकमेकांच्या आड येऊ लागते.

कोपरा ६०° च का, असा प्रश्न येईल. नकाशे मिउरा पद्धतीने घडी करतात तेव्हा कोपरा ९०° च्या जवळ, ८४° च्या आसपास ठेवतात. त्याने घडी फार लहान होते. पण तशी घडी आधी एका दिशेने मिटते आणि अगदी शेवटी दुसऱ्या दिशेने, धक्क्यासारखी. हातातल्या नकाशाला ते चालते. मोटरीवर चालणाऱ्या फलकाला ६०° ची सावकाश, दोन्ही दिशांनी बरोबर चालणारी हालचाल बरी. प्रेक्षकांनाही ती लाटेसारखी दिसते.

जाडी

कागदाला जाडी नाही असे आपण धरून चालतो, शीटला ती असते. अभियंत्यांनी यावर बरेच डोके खपवले आहे. तोमोहिरो ताची यांनी तुकड्यांच्या कडा तिरप्या छाटण्याची रीत दाखवली. २०१५मध्ये यान चेन, रुई पेंग आणि झोंग यू यांनी बिजागऱ्या तुकड्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर नेऊन जाड फळ्यांची घडी कशी चालते ते मांडले. प्लायवूड वापरणाऱ्याला या वाटा धराव्या लागतात. आपल्या ३ मिमी सनपॅकला सोपा उपाय पुरतो: तुकडे एका मोठ्या कापडावर फटी ठेवून बसवायचे आणि फटीतले कापड हीच बिजागरी.

फट किती ठेवायची? कापड घडीच्या आतल्या बाजूला असेल तर फट नावापुरती चालते. कापड बाहेरच्या बाजूला असेल तर दोन तुकड्यांची जाडी वळणात मावली पाहिजे, म्हणजे किमान ६ मिमी. त्यात थोडी मोकळीक धरून ८ मिमी घ्या. दोन प्रकारच्या फटी ठेवल्या तर दोन फर्मे लागतात आणि घाईत अदलाबदल होते, त्यामुळे मी सगळीकडे ८ मिमीच ठेवायचा सल्ला देईन. आखणी ३० सेंमीचीच राहते. फक्त फर्मा चारही कडांनी ४ मिमी आत घ्यायचा.

कापणे आणि जोडणे

८ × ४ फुटांच्या शीटमधून असे २८ तुकडे निघतात. २४ लागतात, चार जपून ठेवा. शीटमधल्या नळ्या तुकड्याच्या सरळ कडेला समांतर येतील असे आखा. मग तुकडा उलटा केला तरी नळ्यांची दिशा बदलत नाही आणि सगळे तुकडे सारखे कडक राहतात. बरेच जण सनपॅकची एक बाजू कापून दुसऱ्या बाजूलाच बिजागरी करतात. ते नळ्यांच्या दिशेने छान जमते, आडव्या दिशेने जमत नाही. मिउराला दोन्ही दिशा लागतात, म्हणून इथे ते करू नका. बोर्डवाल्यांकडचे एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल) शीट खाच पाडून सुबक वळते हे खरे, पण त्याचा अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा पुन्हा पुन्हा मोडला की तुटतो. एकदाच वळवायच्या कामाला ते ठीक.

प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे सुमारे सव्वा सेंटीमीटर छाटा. सांध्यावर चार तुकडे एकत्र येतात तिथे जागा मोकळी हवी. कापडालाही त्या ठिकाणी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे गोल भोक पाडा आणि भोवती मेणबत्तीने हलकेच कड भाजून घ्या. कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे घट्ट विणीचे घ्या. सुती कापड आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते आणि ताणले की सैल पडते.

चिकटवण्याविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सनपॅक म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आणि त्याला फेविकॉल किंवा नेहमीचा डिंक धरत नाही. धरल्यासारखे वाटते आणि उन्हात सुटते. दुहेरी टेपने तुकडा जागेवर बसवा आणि मग प्रत्येक कडेला तीन-तीन पॉप रिव्हेट मारा, दोन्ही बाजूंना वॉशर घालून. वॉशर नसेल तर रिव्हेट शीटमधून ओढला जातो. खाऱ्या वाऱ्यामुळे लोखंडी वॉशर गंजून कापडावर डाग पडतात, म्हणून अॅल्युमिनियमचे घ्या.

कापड जमिनीवर ताणून त्यावर पूर्ण जाळी आखा. तुकडे बसवायला मध्यापासून सुरुवात करा, कडेपासून नको. आधी चार तुकड्यांचा एक सांधा पूर्ण करून तो मोडून पाहा. तो दोन्ही मर्यादांपर्यंत हातात मोकळा हलला तरच पुढे जा.

फलक बसवणे

फलक रुंदीत मिटतो तेव्हा उंचीतही आक्रसतो. वरची कड आणि खालची कड दोन्ही चौकटीला घट्ट बांधल्या तर तो हलणारच नाही, किंवा जोर लावल्यावर फाटेल. मोटर कमी पडते आहे असे समजून मोठी मोटर आणण्याआधी बांधणी तपासा.

एक इंची चौकोनी पाइपची चौकट करा. फलकाच्या वरच्या नागमोडी कडेवर सात टोके असतात. जाळी अशी धरा की बरोबर मधले टोक वर येईल. मग वर आलेली टोके तीन: मधले एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. मधले टोक चौकटीला बोल्टने पक्के करा. बाजूची दोन्ही टोके ड्रॉवरच्या चॅनलवर किंवा जाड पडद्याच्या रुळावर चाकांनी लटकवा. उघड्या फलकात ती मध्यापासून ५० सेंमीवर असतात, मिटलेल्यात १७ सेंमीवर. म्हणजे प्रत्येक चाकाला सुमारे ३३ सेंमी धावायचे आहे. खालच्या कडेचे मधले टोक उभ्या खाचेत सोडा, ते वर-खाली जाईल पण पुढे-मागे होणार नाही.

ही खालची खाच वाऱ्यासाठी आहे. संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्याकडून येणारा वारा हलका समजू नका. ताशी ३६ किमी वाऱ्याचा दाब सुमारे ६० न्यूटन प्रति चौरस मीटर येतो. आपल्या फलकाचे क्षेत्र पावणेदोन चौरस मीटरच्या वर आहे, त्यामुळे धक्का ११ ते १२ किलो वजनाइतका होतो. ट्रकचा वेग त्यात मिळवला तर आणखी. गाडी रस्त्याने जाताना फलक मिटलेलाच हवा आणि पट्ट्याने बांधलेला हवा.

मोटर आणि दोरी

गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर भंगारात मिळते. तिच्यात वर्म गिअर (मळसूत्री दांडा आणि दातेरी चाक) असल्याने वीज तोडली की ती बऱ्यापैकी जागेवर थांबते, हा आपल्या कामाचा गुण. तिच्या दांड्यावर ५ सेंमी व्यासाचे रीळ बसवा. दोन फेऱ्यांत ३१ सेंमी दोरी गुंडाळली जाते, थोडी पुढे नेली की ३३ होते. दोन्ही चाकांच्या दोऱ्या कप्पीवरून त्याच रिळावर आणा, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीने आत येतील. दोरीने मिटवायचे आणि बाहेरच्या बाजूला ताणलेल्या रबरी दोराने उघडायचे.

गणित म्हणते की एका बाजूने ओढले तरी पुरे. प्रत्यक्षात प्रत्येक कापडी फटीत थोडी ढिलाई असते आणि ती साठत जाते. एका टोकाने ओढले की दुसरे टोक मागे रेंगाळते. म्हणून दोन्हीकडून ओढणे हाच शहाणपणा.

दोन्ही मर्यादांवर लिमिट स्विच (ठरल्या जागी पोचताच मोटर बंद करणारे) बसवा, म्हणजे फलक ३०° च्या खाली उघडणार नाही आणि ८०° च्या पुढे मिटणार नाही. स्विच बिघडू शकतो, म्हणून चॅनलमध्ये बोल्टचा अडसरही घाला. बॅटरीच्या तारेवर फ्यूज हवाच. आणि मोटर बंद पडली तर दोरी हाताने सोडता येईल अशी एक कडी ठेवा. मिरवणूक थांबवून कुणाला चौकटीवर चढावे लागू नये.

विजेच्या तारांचे वेगळे सांगतो. आपला फलक उघडताना उंचही होतो. तो ट्रकवर चढवला की उघड्या अवस्थेतली सर्वात वरची उंची जमिनीपासून मोजून ठेवा आणि मिरवणुकीच्या वाटेवरच्या तारा किती उंचीवर आहेत ते वीज खात्याच्या लाइनमनकडून विचारून घ्या. लोखंडी पाइप वर करून तारेची उंची मोजायला जाऊ नका. तारांखाली फलक उघडायचा नाही, हे मोटर चालवणाऱ्याला आधी बजावून ठेवा.

चाचणी, रंग आणि नंतरची निगा

पहिल्या दिवशी मोटर लावू नका. दोरी हाताने ओढून फलक वीस-पंचवीस वेळा मिटवा आणि उघडा. कुठे हात जड होतो ते लक्षात येते. बहुधा त्या जागी एखादा रिव्हेट फटीच्या फार जवळ गेलेला असतो किंवा कोपरा कमी छाटलेला असतो. तेवढाच तुकडा काढून नीट करा. रात्री दिवे लावूनही पाहा. मिउराचे अर्धे तुकडे एकीकडे कललेले असतात आणि अर्धे दुसरीकडे. डाव्या बाजूने निळा आणि उजव्या बाजूने केशरी झोत टाकला की फलक हलताना रंग एकमेकांत सरकत जातात. त्यामुळे कापड पांढरे ठेवणे आणि वर फार नक्षी न रंगवणे मला पसंत आहे. रंगवायचेच असेल तर फटींवर जाड रंग थापू नका, तिथे कापड कडक होऊन चिरते.

शिगमो झाला की फलक पूर्ण मिटवून दाबून ठेवू नका. कापडावर कायमच्या मोडी पडतात आणि पावसाळ्यात आत ओल धरते. अर्धा मिटलेला, साधारण ६०° कलावर, वाऱ्याच्या जागी टांगून ठेवा. रबरी दोर मात्र काढून ठेवा, तो ताणून ठेवला की ढिला पडतो. भाद्रपदात हाच फलक सार्वजनिक चवथीच्या मखरामागे लावता येतो. तिथे मोटरीची गरज नाही, ३०° वर अडसर घालून स्थिर ठेवला की झाले. पुढच्या फाल्गुनापूर्वी प्रत्येक वॉशर बोटाने हलवून पाहा, सैल झालेले रिव्हेट ड्रिलने काढून नवे मारा, आणि फर्मा व चार जादा तुकडे फलकाबरोबरच बांधून ठेवा.